बबनरावच्या वावरात सदतीस शेतकरी

चि. मेघास,

तळेगावहून डोमाजीकाकाचा सप्रेम जय भीम. नागपूरचं पाणी तुला मानवलं असेल आणि मेसचं जेवण मानवलं नसेल, असं धरून चालतो. तुझी काकू बरी आहे, गुडघे सोडून. पत्र कागदावर लिहितो आहे, कारण मोबाईल चुगलखोर निघाला. कसा, ते सांगतो.

पोळ्याला आलीस तेव्हा तू म्हणालीस की सोयाबीनच्या रोगट पानांचे फोटो इंटरनेटवर कोणालाही फुकट मिळतात, पण ती पानं सगळी परदेशातली, आणि तुझं मशीन सध्या तेवढ्यावरच शिकलेलं. आपल्या तालुक्यातली जमवून तूही ती सर्वांसाठी खुली ठेवणार, त्यावरून मशीन आपल्याकडचे रोगही ओळखायला शिकणार, आणि महिनाअखेर फोटो जमले नाहीत तर तुझे सर प्रोजेक्टवर सही करणार नाहीत. मी छातीवर हात ठेवून जबाबदारी घेतली. (छाती माझी, हातही माझा. अकलेचं विचारू नको.)

पानठेल्यावर सगळ्यांना तुझी लिंक दिली. सगळे हो म्हणाले. पण पोरी, आपलं पीक जगाला दाखवायचं आणि तेही किडकं? सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपुढे कोणी फुटका कप ठेवतं का? जो तो हिरवंगार झाड शोधू लागला, आणि यंदा तशी झाडं एकाच ठिकाणी होती, बबनरावच्या वावरात, रस्त्याकडच्या सहा ओळींत. (हा माणूस फवारणीही घड्याळ लावून करतो. बोलतोही तसंच, मोजून.) तेव्हा सदतीस शेतकरी एकेक करून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, तिथे जाऊन आले. तानबाने पानं ओल्या दुपट्ट्याने पुसली. कवडूने झाडामागे सुनेला नवी साडी नेसवून उभं केलं. मी अकरा फोटो काढले. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, माझी आणि कवडूची गाठ पडली, तेव्हा आम्ही दोघांनीही लघवीला आल्यासारखं केलं.

लोकेशन चालू ठेवा, असं तू लिहिलं होतंस. आम्ही ठेवलं. फोटो टाकला की तुझ्या खुल्या नकाशावर ठिपका उमटतो आणि त्यावर बोट ठेवलं की नाव उघडतं, हे आम्हाला कोण सांगणार? बबनरावच्या आचलने तो नकाशा पानठेल्यावरच उघडला. अख्खा तालुका रिकामा, आणि तिच्या बापाच्या वावरात सदतीस नावं. बबनराव शांतपणे म्हणाला, “काऊन गा डोमाजी, तुहं वावर माह्या वावरात कवा आलं?”

मी पानाचे पैसे ठेवले आणि घरची वाट धरली. त्याहून वाईट म्हणजे तुझा फोन आला तेव्हा तू भांडली नाहीस, ‘ठीक आहे काका’ म्हणून फोन ठेवलास. ते मला फार लागलं. तुझं वर्षभराचं काम आम्ही आमच्या तोऱ्यापायी बुडवलं.

बाकी सगळं ठीक. काकूने वेगळ्या पुड्यात चिवडा पाठवला आहे, तो मैत्रिणींपासून लपवून खाजो.

तुझा काका,
डोमाजी

ता. क. बाकी सगळं ठीक नाही. माझं वावर पोळ्यापासून पिवळं पडून राह्यलं आहे, काकूलाही सांगितलेलं नाही. काल सकाळी त्याचे त्रेसष्ट फोटो, न पुसता, माझ्या नावाने तुझ्या लिंकवर टाकले. हा कोणता रोग आणि फवारायचं काय, ते तुझ्या मशीनला विचारून लवकर कळव. ज्या परक्या लोकांनी लाज न धरता आपली किडकी पानं खुली ठेवली, त्यांच्या उपकाराने चार शेंगा वाचल्या तर वाचतील.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी नकाशा पाहिला. गावाला रोगट पानांचा पत्ता लागलेला दिसतो. माझ्या वावरात आता अडतीस नावं आहेत. अडतिसावं बबनरावचं आहे.