मिठाआधी काढलेलं भरीत

आबा, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसते आहे. बसवत नाही, उठले तर चालवत नाही. पायांवर सूज आली आहे, अगदी तुमच्यासारखी. इथल्या धुळ्याच्या डॉक्टरांनी दुखणंही तुमचंच सांगितलं: हृदय थकलंय, मीठ बंद, श्रम बंद. सूनबाईने मिठाची बरणी लगेच कपाटात टाकली. करावं तसं भरावं, दुसरं काय!

सावद्याला तुमची बरणी मीच कुलपात ठेवली होती. आई नव्हती, म्हणून दादाने मला सासरहून तुमच्या सेवेला बोलावलं आणि मी येऊन फौजदार झाले. केळीच्या बागेत जायचं नाही, ओटा उतरायचा नाही. तुम्हाला दम लागायचा हे खरं. पण चोरून बागेत जाऊन आलात की धापा टाकतानाही तुमचा चेहरा खुललेला असायचा. तो मी बघून न बघितल्यासारखा केला.

मग ती मळ्यातली भरिताची पंगत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत. लाकडी बडगीत ती ठेचायचा मान दरसाल तुमचा. तुम्ही मुसळी उचलता आणि मी सगळ्यांदेखत ती हातातून काढून घेते. मीठ पडायच्या आधीच तुमचा वाटा काढून बाजूच्या खाटेवर ठेवते. तुम्ही म्हणालात, "पोरी, मी काही बियाचं कणीस नही, पुढच्या सालासाठी टांगून ठेवाले." सगळे हसले. तुम्ही घासही घेतला नाही. पुढच्या सालच्या भरिताला तुम्ही नव्हतात.

माझ्या पथ्यामुळे तुम्ही इतके दिवस काढलेत, असं मी लोकांना अभिमानाने सांगत आले. ते दिवस कसे गेले, हे मला कुणी विचारलं नाही. मीही तुम्हाला विचारलं नाही, आबा. याची आता फार लाज वाटते.

आज सूनबाईने माझं भरीत तसंच वेगळं काढलं. मी ताट ढकललं, नको नको ते बोलले. ती रडायलाच लागली. "तुम्हले काही व्हई गयं ते बठ्ठा मालेच बोलतीन!"

सगळे तिलाच बोल लावतील, ही तिची भीती. तुमच्या हातातून मुसळी घेतली तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. तुम्हाला काही झालं तर दादा मला काय म्हणेल, एवढंच. तुमच्या जिवाचा विचार त्यानंतरचा.

हे पत्र कुठे धाडणार? उशीखाली ठेवते. सूनबाईला हे सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.