पितरांच्या पानावर तर्री

नंदनवन, नागपूर
१० जानेवारी २०२५

ती. स्व. यमुताईंस,
कामिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा फोनवर माझं अर्धं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेतलं नाही, म्हणून लिहिते. यांचं वर्षश्राद्ध सात फेब्रुवारीला आहे. विक्रमने गुरुजी ठरवले आहेत. तुम्ही जितेंद्रला घेऊन आदल्या दिवशीच या. थंडी आहे, शाल आणा. मागच्या वेळी माझी नेली ती आणलीत तरी चालेल.

पानावर काय असावं ते तुम्ही सांगितलंत. काळ्या मिरीची कढी, कारलं, गवार, लाल कोहळ्याची भाजी, उडदाचे वडे, आल्याची चटणी, खीर. मिरची नाही, बटाटा नाही, टमाटर नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच करत आले आणि का, ते कधी विचारलं नाही. आता अस्मिताला विचारलं. लेक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिला सांगायला हुरूपच आला. म्हणाली, आई, मिरची, बटाटा, टमाटर हे सगळं चार-पाचशे वर्षांपूर्वी जहाजांतून आलं. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी आणि आलं. श्राद्धाचं पान तेव्हाचंच राहिलं. वर्षातून एकदा आपण इतकं जुनं जेवण जेवतो आणि आपल्याला पत्ता नाही!

पण ताई, ज्यांच्यासाठी हे पान, त्यांनी जन्मात कारल्याला हात लावला नाही. दर रविवारी चौकात उभं राहून, झणझणीत लाल रश्श्यात बुडवलेले तर्री-पोहे खायचे. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तरी गाडीवाल्याला म्हणायचे, टाक गा अजून थोडी. शेवटचं वर्षभर डॉक्टरांनी तिखट बंद केलं. मी चमच्याने मुगाचं पाणी भरवायची आणि ते माझ्याकडे नुसते बघत राहायचे. तेव्हा डॉक्टरांचं ऐकलं. आता कोणाचं ऐकणार नाही. त्यांच्या पानावर मी लाल तर्रीची वाटी ठेवणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुम्ही मात्र या. त्यांच्या बाजूचं वडीलधारं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

राग आलाच तर तो लोभाच्या पोटात ठेवा,
तुमची
कामिनी


खापा
१६ जानेवारी

चि. कामिनीस,
यमुताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कॉन्व्हेंटचं, मोत्यासारखं, अन् आत मजकूर हा असा! शाल माझ्याकडे नाही. असली तरी देणार नाही.

काहून असं करून राहिली वं? मधूचं तिखट तू मले सांगते? सहा वर्षांचा होता तेव्हा माईच्या लोणच्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता. तोच हात डोळ्याले लागला. मी त्याचं डोकं नळाखाली धरलं, तर रडायचं सोडून मलेच म्हणे, ताई, एक फोड दे ना.

पण पान काय एकट्या मधूचं आहे? त्याच्या बाजूले आबा बसतील, आबांचे वडील बसतील. त्यांच्या मागं नावं विसरलेले किती असतील! तूच लिहिलं की मिरची काल-परवाची. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा जो असेल, त्यानं मिरची कुठं पाहिली? बिचारा एवढ्या दुरून येणार, अन् पहिल्याच घासाले ठसका लागून परत जाणार. घर बदललं, गाव बदललं, आपलं बोलणंही त्याले कळायचं नाही. पान पाहून तेवढं ओळखेल, की हो, घर हेच आहे.

मधूले खाऊ घालायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी चौकातल्या पोरांले पोहे वाट. श्राद्धाच्या पानाले हात लावू नको. तर्री ठेवली तर मी येणार नाही. जितू म्हणे, आई, एवढं काय त्यात. त्याले म्हटलं, तू गप बस.

माया आहे म्हणूनच रागावते,
यमुताई


नंदनवन
२२ जानेवारी

ती. स्व. यमुताईंस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी रडले, हे आधी सांगते. तो दुरून येणारा म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तर्रीचा विचार मी सोडूनही दिला होता. मग अस्मिताला पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, आत्याच्या पानात लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आहे ना? आहे म्हटलं, तर हसतच सुटली. म्हणाली, ते मिरचीच्याच मुलखातलं. तेही तसंच जहाजातून आलं.

आता सांगा ताई. त्या म्हाताऱ्याने कोहळं तरी कुठे पाहिलं होतं? म्हणजे मधे केव्हातरी, आपल्यासारख्याच एखाद्या घरात, कोणीतरी ते पहिल्यांदा पितरांच्या पानावर वाढलं. तेव्हा घर गप्प बसलं असेल? सासू ओरडली असेल. नणंदेने येणार नाही म्हणून निरोप धाडला असेल. त्या बाईने तरी वाढलं. मला तर वाटतं, तिच्या गेलेल्या माणसाला ते आवडत असणार. तिचं नाव कोणाला ठाऊक नाही, पण तिचं कोहळं तुम्ही मला फोनवर ओरडून सांगता.

आणि एकादशीचं काय? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची. अस्मिता म्हणते, यातलं एकही मुळात इथलं नाही. देवाला चालतं ते माझ्या नवऱ्याला का चालू नये?

शाळेत सिस्टर आम्हाला हाताची घडी घालून बसवायच्या. ती घडी मी लग्नानंतरही सोडली नाही. किती ऐकणारी आहे म्हणून तुम्हीच माझं कौतुक करायच्या. ते कौतुक आता परत घ्या.

तुमच्या पाटावर दुसऱ्या कोणाला बसू देणार नाही. याच.

भांडते तरी तुमचीच,
कामिनी


खापा
२७ जानेवारी

चि. कामिनीस आशीर्वाद.

पत्र नेमकं एकादशीले पोचलं. भावनानं खिचडी केली होती. सून माझी मोठी गुणाची, वाफाळतं ताट पुढ्यात आणून ठेवलं. एकेक साबुदाणा माझ्याकडे पाहून राहिला होता. मी ताट बाजूले सारलं. जितू म्हणे, आई, राजगिरा खा. तर भावनानं मोबाईलात पाहिलं, तो पण तिकडचाच निघाला! शेवटी दूध पिऊन झोपली. तुझ्या अस्मितानं माझी एकादशी बाटवली, तिले सांगून ठेव.

पण तू म्हणते ते भांडण कोणी पाहिलं? मी नाही पाहिलं, म्हणून मी नाही मानत. कोहळं आबांच्या वेळी होतं, मले तेवढं पुरे. आज तर्री आली, उद्या कोणी केक ठेवेल.

मी येणार नाही. आशीर्वाद मात्र आहे. तो तर्री पाहून कमी-जास्त होत नाही.

यमुताई


नंदनवन
९ फेब्रुवारी

ती. स्व. यमुताईंस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही आला नाहीत. पाट पंगत उठेपर्यंत मांडलेला होता.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, कारल्यासकट. तर्रीची वाटी पानाच्या अगदी कडेला ठेवली, म्हणजे तुमच्या म्हाताऱ्याला नको असेल तर त्याने तिकडे हात नेऊ नये. गुरुजींनी पाहिलं आणि विचारलं, हे लाल काय? चुलतदीर महादेवराव लगेच म्हणाले, वहिनी विसरल्या असतील, उचला ती वाटी. विक्रमही हळूच म्हणाला, आई, राहू दे ना. मी म्हटलं, विसरले नाही, आणि वाटीला कोणी हात लावायचा नाही. गुरुजींनी विचारलं, घरात वडीलधाऱ्यांना विचारलंत का? म्हटलं, विचारलं. यमुताई नाही म्हणाल्या, खाप्याला रुसून बसल्या आहेत. बाकीचं पान त्यांच्या शब्दाप्रमाणे आहे, ही वाटी माझी. पाप लागत असेल तर माझ्या नावावर लिहा. गुरुजींनी पळी विक्रमच्या हातात दिली आणि म्हणाले, सोडा पाणी.

रडू आलं ते पंगतीत. इतकी माणसं जेवली, पण यांना सहा वर्षांचं असताना पाहिलेलं त्यात एकही नव्हतं.

केलं त्याची माफी मागणार नाही. तुमची वाट मात्र अजून पाहते.

कामिनी


खापा
१४ फेब्रुवारी

चि. कामिनीस,
यमुताईचे अनेक आशीर्वाद.

मी रुसून बसली नव्हती. त्या दिवशी मी इथं भावनाकडून मधूसाठी पान करून घेतलं. म्हटलं, तिकडं ती काहीही करो, माझ्या भावाले एक पान तरी रीतीचं मिळेल.

पोरीनं एक गोष्ट चुकवली नाही. वडे गोल, कढीले मिरीचा वास, खीर दाट. कोहळं मीच काढायले लावलं, म्हणजे तुले बोलायले जागा नको. असं चोख पान आमच्या माईनंही केलं नसेल. गाईपुढं ठेवायच्या आधी मी त्याच्याकडे पाहत बसली. पुष्कळ पाहिलं. आबा दिसले, आबांचे वडील दिसले, तो तुझा-माझा म्हातारा दिसला. मधू कुठंच नव्हता वं. कोण्याही मेलेल्या माणसाचं असतं तसं पान होतं ते.

रात्री जेवली नाही, तर भावना विचारे, आई, काही चुकलं का? काय सांगू तिले? काहीच चुकलं नव्हतं.

तू बरोबर केलं असं मी लिहिणार नाही. माझं वय झालं, आता मत बदललं तर लोक म्हणतील म्हातारी भ्रमली. पण एक काम सांगते. मले बसस्टँडवरच्या गाडीवरचं मंचुरियन आवडते. लालभडक, कोबीचं. देवळाच्या नावानं जाते अन् उभ्या उभ्या खाऊन येते. घरात कोणाले माहीत नाही, तूही बोलू नको. पण मी गेली की ते माझ्या पानावर पाहिजे.

जितूच्यानं हे होणार नाही, तो गुरुजींपुढं मान डोलावतो. राहिली भावना. ती इतकी गुणाची आहे की जो जे सांगेल ते निमूट करते, अन् आजकाल मले तिच्या त्या गुणाचंच भ्याव वाटते. पुढच्या सोमवारी तिले चार दिवस तुझ्याकडे पाठवून राहिली. स्वयंपाक तिले सगळा येते. तू तिले भांडायले शिकव.

दोघींवर सारखीच माया असलेली,
यमुताई