शून्य त्रासाचं गाव

लालासाहेब पाहुणे यांना तानाजीचा रामराम. तुमची, गुरांची आणि डाळिंबाची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. आईंच्या माघारी घरात कसं वाटतं, हे विचारायला मात्र धीर होत नाही.

इकडची हकीकत अशी. कोरोनानं माणसं मनानं खचली म्हणून सरकारनं गावोगाव विचारपूस सुरू केली. आमच्या गावच्या आशा सेविका राणीताई फॉर्म घेऊन आल्या. झोप लागते का, जेवण जातं का, सारखं रडू येतं का. सरकारी कागद दिसला की आमच्या गावाला स्पर्धा दिसते (ग्रामस्वच्छतेत पहिला नंबर हुकला, तो सल अजून आहे). त्यात मी फौजेतला माजी हवालदार. देवळापुढं सहा-सहा फुटांवर माणसं उभी करून दोन दिवस तालीम घेतली. धुळाआबा म्हणाले, "झोप कुठली रं? गुडघं ठणकत्यात." त्यांच्याकडून 'लागते' असं तीनदा म्हणवून घेतलं. सगळ्या गावाचा त्रास शून्य भरला. तुमच्या गावानं खरं सांगून टाकलं, त्यावर मी पारावर हसलोही.

सोमवारी तालुक्याहून निरोप आला. समुपदेशक बाई एकच, गावं चाळीस, तेव्हा जिथं त्रास जास्त तिथं आधी. तुमच्याकडं त्या दर बुधवारी येतात म्हणे. आमच्याकडं येणार नाहीत, कारण आम्ही सुखी आहोत.

पाहुणे, तुमच्या बहिणीनं, क्रांतीनंही 'लागते' म्हटलं होतं. म्हणताना ती माझ्याकडं बघत होती आणि मी मान डोलावली (रंगरुटाला डोलवावी तशी). आईंचं शेवटचं तोंडसुद्धा तुम्हा भावंडांना बघता आलं नाही. आई तिला रोज चारला फोन करायच्या. अजूनही चार वाजले की ती हातातलं काम टाकते आणि फोन पुढ्यात घेऊन ओट्यापाशी बसते. मी परसात जाऊन उगाच लाकडं फोडतो. माझी मला लाज वाटते.

आपला,
तानाजी

ता. क. बुधवारी तिला माहेरी धाडतो. तुमच्या गावच्या यादीत तिचं नाव घाला. फोनवर सांगितलं असतं, पण घर लहान आहे, तिला ऐकू जातं.

ता. क. दादा, पाकीट चिकटवायला माज्याकडंच दिलं हुतं. ह्यांचंबी नाव घाल. रातभर कूस बदलत असत्यात. मी जागीच असते, म्हणून ठावं. – क्रांती