एक्केचाळीस सेकंद

रविवार, ६ एप्रिल

एक्केचाळीस! पुन्हा एक्केचाळीस. दहा लिटरची बादली धारेखाली धरायची, घड्याळ चालू करायचं, काठोकाठ भरली की थांबवायचं. डोंगरातले झरे मोजणाऱ्या आम्हा हौशी मंडळींचं हे दर रविवारचं काम. आकडा मोबाइलवरून पाठवला की झालं. उन्हाळा लागला की गटावर सगळ्यांची रडगाणी सुरू होतात – कुणाची बादली नव्वद सेकंदांवर गेलेली, कुणाची दोन मिनिटांवर. माझा सात नंबरचा झरा तीन वर्षं जागचा हलत नाही. फुशारकी मारायची नाही असं ठरवते आणि तरी मारतेच.

आता तर त्या आकड्याला वजनच आलंय. झऱ्याखालच्या वस्तीत चौदा घरं आहेत, वन्संचं त्यातच. शहरातून येणारी त्यांची जुनी पाइपलाइन सोमवारी, २१ तारखेला कायमची बंद होणार आणि त्यांना झऱ्याचं पाणी मिळणार. टाकी बांधून तयार आहे. माझे तीन वर्षांचे आकडे बघून वस्तीनं सह्या केल्या.

घरी आले तर बाबा नेहमीसारखे खिडकीतल्या खुर्चीत. "किती?" "एक्केचाळीस." मान डोलावली, चहाचा घोट घेतला. पाणीखात्यातले जुने फिटर, सासरे कमी आणि हेडमास्तर जास्त. बादली कशी धरायची तेही त्यांनीच शिकवलं. या झऱ्यावर त्यांचा जीव. सासूबाई गेल्या त्या आजारात नळाचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, तेव्हा बाबा रोज चढून जाऊन तिथलं पाणी कॅनमध्ये भरून आणायचे.

पिशवीत एक नवीन बाटली सापडली – पाण्यातलं क्लोरीन तपासायचे थेंब. गटाच्या ताईंनी नवं काहीतरी काढलेलं दिसतंय. पुढच्या रविवारी बघू.

रविवार, १३ एप्रिल



थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

वाटलं बादलीचा दोष. घरच्या नळावर धुतलेली, चिकटलं असेल काहीतरी. झऱ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळली. पुन्हा पिवळं. मग बादली बाजूला ठेवली, काचेची नळी थेट धारेखाली धरली. पिवळं! पिवळं म्हणजे क्लोरीन, आणि ते नळाच्या पाण्यात घालतात. डोंगराच्या पोटात ते कुठून येणार? मी तिथंच ओल्या दगडावर बसून राहिले, किती वेळ ते मोजलं नाही.

घरी बाबांनी विचारलं, "किती?" म्हटलं, एक्केचाळीस. ते म्हणाले, "आणखी काही?" असं कधी विचारत नाहीत. नाही म्हटलं. चहा अर्धा ठेवून उठले.

सोमवार, १४ एप्रिल

ताईंना फोन केला. "कसली बाटली? मी नाही पाठवली. झऱ्यात कोण क्लोरीन शोधतं?" मग म्हणाल्या, "अगं, ती पाइपलाइन तुझ्या झऱ्याच्या वरूनच जाते ना?"

म्हणजे लाइन गळतेय आणि मी तीन वर्षं ती गळती मोजतेय. म्हणून तर उन्हाळा नाही, पावसाळा नाही. आणि आता तीच लाइन बंद करणार! मग झराही बंद. चौदा घरांना ना हे पाणी, ना ते.

मंगळवार, १५ एप्रिल

कुणाला सांगितलं नाही. दुकानात एकाच पडद्याची शिवण तीनदा उसवली.

बुधवार, १६ एप्रिल

सांगितलं. पाणीखात्याच्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, आकडे तुमचेच. आता खोटे म्हणताय तेही तुम्हीच." म्हटलं, आकडे खरे आहेत, झरा खोटा आहे. ऐकूनच चक्रावले. शेवटी शुक्रवारी एक तास लाइन बंद करून बघायला तयार झाले.

वन्संकडे गेले ते जास्त जड गेलं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या त्यांनाच दिवसाला चार बादल्या लागतात. "तुझ्याकडे बघून सही केली मी," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटली.

शुक्रवार, १८ एप्रिल

दहाला व्हॉल्व्ह बंद केला. सव्वादहाला बादलीला दीड मिनिट. साडेदहाला दोऱ्याएवढी धार. अकराला पाच कमी – काही नाही. ओला दगड, बस. लहानपणापासून वन्सं तिथं ओंजळीनं पाणी प्यायल्या आहेत. त्या दगडावर हात ठेवून बसल्या आणि मला म्हणाल्या, "मग आम्ही काय पीत होतो गं?"

लाइन बंद होणार नाही. साहेबांनी तिथंच लिहून दिलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नाहीये.

शनिवार, १९ एप्रिल

गळती शोधायला खणलं. सगळे फुटलेला पाइप शोधत होते. फुटलेलं काही नाही! पाइपला व्यवस्थित बसवलेली एक पितळी तोटी. अर्धवट उघडी, तोंड खालच्या खडीत. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, दुहेरी गाठ मारलेली.

साहेब म्हणाले, "कुणीतरी पाणी चोरलंय." आमच्या मोरीच्या नळावर अशीच पट्टी आहे. स्वयंपाकघरातल्याही. वन्संच्या घरी सगळ्याच नळांवर. वन्सं शेजारीच उभ्या होत्या; त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

घरी आले. बाबांनी "किती?" विचारलं नाही.

रविवार, २० एप्रिल

मोजायला गेले नाही. बाबांनीच बोलावलं. लाइन त्यांनी टाकलेली, सत्तावीस वर्षांपूर्वी. चर खणताना सुरुंग लावला आणि झरा आटला. आठवड्यात त्यांनी तोटी बसवली, कुणाला कळू दिलं नाही. पिशवीत बाटलीही त्यांनीच ठेवली. "लेकीचं पाणी तुटायला आलं, तरी तोंडानं सांगवेना."

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तुझ्या सासूलाही शेवटपर्यंत मी नळाचंच पाजलं."