बायडाआजींचा पिवळा भात

१४ सप्टेंबर १९९८

नारायणगावात दवाखाना टाकून पाच महिने झाले, आणि आज पहिल्यांदा डोंगरातलं कुणी माझं नाव विचारत आलं! बायडाबाई आणि त्यांचा नवरा सोमाजी – दोन तास जीपमध्ये चेंगरून आले, तरी हसतमुख. आजींची नाडी बेताल. हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू केलं, रोज एक गोळी. वय विचारलं तर सोमाजी म्हणाले, "लिवा साठ." लिहिलं. वजन चाळीस. रक्तात क्रिएटिनिन १.२, लॅबवाल्यानं पुढं 'नॉर्मल' असा शेराही मारलाय. म्हणजे मूत्रपिंडं ठणठणीत. सुटले!

२४ सप्टेंबर

आजी दाखवायला आल्या. नाडी झकास. म्हणाल्या, "बाई, समदं पिवळं दिसतंया." मी म्हटलं, "आजी, खुरासणी फुललीय ना तुमच्याकडं!" सगळे हसले, सोमाजी सगळ्यांत जास्त. त्यांच्याकडचे उतार सध्या पिवळेधमक असतात. मलाही माझा विनोद फार आवडला.

३ ऑक्टोबर

आग लागो त्या विनोदाला!

सोमाजींनी आजींना जवळजवळ उचलूनच आणलं. चार दिवस अन्न नाही, ओकाऱ्या. नाडी चव्वेचाळीस. सोमाजी हळूच म्हणाले, "भातबी पिवळा दिसतोय म्हनती. भात कुटं पिवळा आसतो का वो?" पिवळं दिसणं, ओकाऱ्या, मंद नाडी – सगळी एकाच गोष्टीची लक्षणं! हे डिगॉक्सिनच अंगात साठलंय – मूत्रपिंडं ते बाहेर टाकतच नाहीयेत. गोळी बंद केली.

कॉलेजची वही काढली. मूत्रपिंडं किती काम करतात ते काढायचं सूत्र: एकशेचाळीसमधून वय वजा करायचं, त्याला वजनानं गुणायचं, मग बहात्तर गुणिले क्रिएटिनिननं भागायचं. बाई असेल तर येईल त्याचे पंच्याऐंशी टक्के. पाच मिनिटांचं काम, आणि मी केलंच नव्हतं! वय पुन्हा विचारलं, नीट. इंग्रज गेले तेव्हा आजींच्या पदरात तीन पोरं होती. म्हणजे पंचाहत्तर तरी! आणि वजन? पहिल्या दिवशी माझ्यासाठी आणलेलं तांदळाचं गाठोडं आजी काट्यावरही सोडेनात – धान्य खाली कसं ठेवायचं, पाय लागेल! वर पायांत चांदीचे वाळे. मी मात्र कौतुकानं बघत चाळीस लिहून मोकळी.

आज खरं वजन तेहेतीस. आकडा आला एकवीस! शंभरच्या आसपास हवा. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत; अंगावर मांसच नाही तर ते वाढणार कुठून? नॉर्मल म्हणे!

पुण्याला न्या म्हटलं तर दोघंही ऐकेनात. माझ्याच खाटेवर ठेवून घेतलंय. या बाईला काही झालं तर मला स्वतःला तोंड दाखवता येणार नाही. नवकार मंत्र म्हणत बसलेय.

६ ऑक्टोबर

नाडी छप्पन्न!!

८ ऑक्टोबर

आमच्या घरून डबा आला. आजींनी भाताकडं निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पांढरा हाय की!" मी हसले आणि रडलेही. मग दोघांना सांगून टाकलं – चूक माझी, गोळी जास्त झाली. आता उठून जातील असं वाटलं. सोमाजी म्हणाले, "नांगरताना एकांदं तास वाकडं जातंच, बाई. पन बैलाव ढकलनारंच लई पाह्यलं."

पप्पांनी मात्र सोडलं नाही. किराणा दुकानातला काटा दाखवून म्हणतात, "डिंपल, आम्ही गूळसुद्धा बारदान वजा करून तोलतो. तुला एवढं शिकवलं ते कशाला?" दुपारी गिऱ्हाइकांनाही सांगत होते. सांगू देत!

१५ ऑक्टोबर

आजी चालत घरी गेल्या. आता रोज फक्त अर्धी गोळी. सोमाजींना मधल्या रेघेवर तोडून दाखवली. जीपमध्ये बसेपर्यंत "आर्धी, आर्धी" घोकत होते. आज दोन ताटं जेवले मी.

२ नोव्हेंबर

आजी एकट्याच आल्या, तुरुतुरु. सोमाजी कुठं विचारलं. "घरीच. चार दिस झालं, जेवानच जाईना त्यास्नी." का हो? "काय ठावं. माझी उरल्याली आर्धी गोळी त्येच खात्यात की रोज. वाया कशाला घालवायची?"

जीप सांगितलीय. मीच निघाले.