दोनशे तेरावा जोड

२ मार्च
आले एकदाची! सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली मिळाली. खिडकीतून जंगलाची कड दिसते, पट्टी धरून ओढलेल्या हिरव्या रेघेसारखी. घरमालकीण काकूंनी पहिल्या पाच मिनिटांत माझं वय, वजन आणि लग्नाचा विचार विचारून घेतला आणि मग स्वतःच बादली आणून दिली. त्यांचा नियम एकच: बूट जिन्याखालच्या कपाटात, वर अनवाणी यायचं. आवडला मला. आमच्या घरी असंच होतं.

आमचं घर म्हणजेच माझी पहिली शाळा. दहा वर्षांची होईपर्यंत आत्या आणि बाबांनीच शिकवलं. आत्याने अक्षर वळणदार केलं आणि रोजनिशीची सवय लावली. बाबा जमीन मोजणारे. त्यांनी गणित अंगणात शिकवलं, पावलांनी. चालताना माझं पाऊल चौसष्ट सेंटिमीटर पडतं, मोठी झाल्यापासून तेवढंच. त्यांचा दुसरा धडा: डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही.

राखीव जंगलात धावण्याची शर्यत घ्यायची आणि जंगलाला ओरखडा पडू द्यायचा नाही, हे माझं काम. याचा कोणी पगार देतं, हे आत्याला अजून पटलेलं नाही.

४ मार्च
शर्यतीच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणतात. कुठल्या जहाजाचा, ते कोणालाच ठाऊक नाही. मी परवानगीच्या अटी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्या. धावपटू दोनशे बारा, एकही जास्त नाही. भोंगा नाही. पाण्याचा पेला ज्याचा त्याने आणायचा. वाटेवरच्या फिती त्याच दिवशी सोडायच्या. आणि बाहेर पडताना प्रत्येक बुटाचा तळ ब्रशने घासून धुवायचा, म्हणजे आतली बुरशी, बी बाहेर जाणार नाही.

कॅप्टनने यादी वाचली आणि माझं बारसं केलं: ब्रशबाई. दुपारपर्यंत ते रखवालदारापर्यंत पोचलं होतं. हसले मीही. सगळ्यांना एकाच कंपनीचे बूट वाटले, धावपटूंना आणि आम्हालाही. माझे छान बसतात.

६ मार्च
वनरक्षक मावशींबरोबर मार्ग चालून पाहिला. पन्नाशीच्या, सडपातळ, बोलणं मोजकं. ओढ्यापाशी वाट फुटते. उजवीकडे आपला मार्ग. डावीकडे बंद दरी. तिथे कोणी जात नाही, त्याही नाहीत. काठावरून दाखवली. खाली दगडांवर पांढरं शेवाळ, साईसारखं. ते स्वतःहून कुठे जात नाही म्हणाल्या, कोणी नेलं तरच जातं. त्यांच्या आधीच्या वनरक्षकाने बुटाच्या तळाला लावून नेलं होतं. पुढे काय झालं, विचारलं. त्यांनी माझी पाण्याची बाटली भरून दिली आणि चला म्हणाल्या.

हे ऑफिसात सांगितलं तर कॅप्टनने भुताचा आवाज काढून दाखवला. सगळे हसले. मी नाही.

१० मार्च
रागाच्या भरात लिहितेय म्हणून अक्षर असं. आत्या रागावेल.

मी आज ‘शेपूट’ होते, म्हणजे शेवटच्या धावपटूच्या मागून फिती सोडत येणारी. ओढ्यापाशी पोचले तर फिती डावीकडे! बंद दरीत! काल मी स्वतः उजवीकडे बांधल्या होत्या. दोनशे बारा माणसं त्या शेवाळावरून गेली होती. फिती काढायलाच हव्यात, म्हणून मलाही उतरावं लागलं. तुडवलेलं शेवाळ पायाखाली चिकट लागत होतं. वर ड्रोन फिरत होता. फोटोसाठी. चारशे मीटरच्या देखाव्यासाठी!

बाहेर फाटकावर पाहते तर ब्रश नाहीत, पाण्याची टाकी नाही. पुढच्या वळणावर जमीन नुसती ओली. टाकी उलटून दिली असणार, आणखी काय? मी तशीच तरातरा मैदान ओलांडून कॅप्टनच्या तंबूत गेले. तो म्हणाला, रांगेमुळे लोकांची वेळ बिघडत होती, नऊलाच टाकी उचलायला सांगितली. वर म्हणाला, ब्रशबाई, शांत व्हा, घरी जाऊन आंघोळ करतीलच सगळे. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला नालायक म्हटलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

१२ मार्च
सही केली.

अहवालात ओळ होती: मार्ग ठरल्याप्रमाणे, सर्व २१२ जोड घासून धुतले. कॅप्टन म्हणाला, ही सही नसेल तर परवानगी जाईल, ऑफिसातल्या अकरा जणांना घरी बसावं लागेल आणि त्यांच्या घरी सांगायला तुम्हीच जायचं. अकराही जण माझ्याकडे बघत होते. मी सही केली. त्याच्यावर चिडू की स्वतःवर, कळत नाही. बाबांना फोन केला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

१५ मार्च
मैदानावर पांढरे ठसे उगवलेत. उगवलेत हाच शब्द. बुटाच्या आकाराचं शेवाळ, तळाची नक्षी जशीच्या तशी. फाटकापासून ओळीने. माळी म्हणाला, खरवडलं की दुपारपर्यंत परत येतं. म्हणजे कोणीतरी बाहेर आणलंच. लहान पाय आहे. शेवटून दुसरी आलेली ती ठेंगणी बाई असणार. कॅप्टनला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, छान, पुढच्या वर्षी मार्ग आखायला नको.

पुढच्या वर्षी त्याला हजार धावपटू हवेत, दरीतूनच. २२ तारखेला अकरा वाजता वनकार्यालयात सुनावणी आहे. मी तिथे सगळं सांगणार. त्याच्या तोंडावर.

१७ मार्च
ठसे मैदान ओलांडून रस्त्यावर आले. आज डांबरावर. दोन ठशांमधलं अंतर मोजलं: अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. माझं नाही, माझं चौसष्ट. बरं वाटलं. मग त्या बाईचा इतका राग आला! सोन्यासारखी दरी नासवली आणि घरी जाऊन पाय वर करून बसली असेल.

१८ मार्च
मावशींकडे गेले, रडतच. सही केली ते सांगितलं. त्यांनी मला पायरीवर बसवलं. मग म्हणाल्या, अगं, पण घासले की सगळे. टाकी उचललेली पाहून त्यांनी स्वतःच्या बादल्या फाटकापुढच्या वळणावर मांडल्या होत्या. दोनशे बारा मोजून घासले, ठेंगण्या बाईसकट. मग सामान गाडीत भरून निघाल्या.

म्हणजे ती ओली जमीन—

मी विचारलं, मग हे कोणाचं? त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, ब्रशबाई स्वतःचे बूट घासणार नाही, हे माझ्या मनातही आलं नाही गं.

मग त्या वनरक्षकाचं उरलेलं सांगितलं. शेवाळ ज्याच्या पायाने बाहेर पडतं, त्याच्याच मागे येतं. त्याच्या खोलीत जमीनभर पांढरं होतं. मधोमध बूट, नाड्या बांधलेले. आत कोणी नाही.

१९ मार्च
गल्लीत चालून पाहिलं. चौसष्ट. मग कॅप्टनच्या टाळ्या आठवल्या आणि तशीच तरातरा चालले.

अठ्ठ्याहत्तर.

माझ्या कमरेच्या पिशवीत ब्रश होता त्या दिवशी. अजून आहे. कोरडा. दुसऱ्यांवर चिडण्यात इतकी गुंतले होते की वाकायला सुचलं नाही. त्या बाईला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या! दोनशे बारा परक्या माणसांचे बूट स्वच्छ आणि माझेच—

कोणाला कळणार नाही. मावशी बोलणार नाहीत. सुनावणीत नुसतं कॅप्टनचं सांगितलं तरी चालेल. हा विचार आला, तोही इथे लिहून ठेवते.

२० मार्च
ठसे सायकल दुकानापर्यंत. अंतर आता एक मीटर दहा.

मी कधी धावले नव्हते. हे धावतंय.

बूट मावशींनी सांगितल्याप्रमाणे जाळले. काकू विचारत होत्या, नवे कोरे बूट का जाळतेस, डोकं ठिकाणावर आहे ना? कपाट उघडून दाखवलं. आत, बूट ठेवले होते तिथे, दोन पांढरे ठसे. काकूंनी पिशवी भरली. भावाकडे राहायला गेल्या. मलाही चल म्हणत होत्या. मी गेले तर ते मागोमाग तिथे येईल. त्यांच्या भावाकडे लहान मुलं आहेत.

२१ मार्च
दुपारी जिन्यावर. पहिली पायरी, मग एकदम चौथी.

जिना मी अनवाणी चढते. बूट घालून कधीच नाही. मग हे बुटांचे ठसे कुणाचे—

ब्रशने घासले. ब्रशचे केस पांढरे झाले.

कॅप्टनचा फोन. म्हणे, उद्या नुसतं सहीवर ठाम राहा, ब्रशबाई, तुमच्या पायाशी लोळेन. मी फोन आपटला. राग आला तसा बाहेर धप्प आवाज झाला. रागाला येतं का ते? मग आता शांत—शांत राहायला हवं—पण त्याला मोकळं सोडू?

२२ मार्च
साडेनऊ. दार उघडत नाही. फटीतून पांढरं आत आलंय. लाद्यांवर चार ठसे. माझ्याकडे तोंड करून.

जाता येणार नाही. म्हणून इथेच लिहून देते. वही खिडकीतून खाली टाकीन. सायकलवाल्या दादा, ही वनरक्षक मावशींना द्या, अकराच्या आत, आणि तिला हात लावाल तो धुवा.

जबानी. मार्ग बदलला होता, दरीतून नेला, हे मी पाहिलं. कॅप्टनने टाकी उचलायला लावली, हे त्याने मला सांगितलं. दोनशे बारा जोड घासले हे मी पाहिलं नव्हतं, तरी सही केली. दरीतून पुन्हा कोणाला—

पाच ठसे. पाचवा खुर्चीला टेकून.

बाबा, हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पाय जड. टेबलाखाली बघवत नाही. घोट्याला काहीतरी आवळतंय, नाडीसारखं. मी अनवाणी आहे. मी अनवाणीच बसले होते—

आधी हे. शर्यतीत जोड दोनशे तेरा होते. शेवटचा माझा. कमरेला ब्रश असून, रागाच्या भरात, मी माझे बूट घा