हवालदाराची फेरी आणि आमचा डोंगर

ती. मामा यांस,

चढावर कुत्रा बसला तर माणसाने काय करायचं? प्रश्न साधा आहे, पण मला उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. (घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गोदामातल्या हमालांनाही माझं प्रमाणपत्र दाखवलंत. कृपया ते आता पेटीत ठेवा.) वाकून नमस्कार. पोटऱ्या इतक्या आखडल्या आहेत की खरोखर वाकता येत नाही, तेव्हा तो कागदावरच मानून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? मामींची दाढ काढली का? गोदामाचं छप्पर बदलून झालं आणि तुम्ही पुन्हा राखणीला रुजू होताय, हे वाचून आनंद झाला. (पूर्ण नाही, पण ते पुढे.)

बाबांचं तुम्हाला ठाऊकच आहे. तीस वर्षं दुकानात शिलाई मशीनवर बसून कपडे शिवले, आणि आता साखर वाढली. रोज तासभर चालला नाहीत तर इंजेक्शनं सुरू करावी लागतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, "डॉक्टर, मी मशीन पायाने चालवतो. रोजचे आठ मैल सहज होतात." डॉक्टर म्हणाले, "मग एव्हाना दुकान परगावी पोचायला हवं होतं." त्याच आठवड्यात छपराच्या कामासाठी गोदाम बंद झालं म्हणून तुम्ही तुमच्या कुत्र्याला, हवालदाराला, आमच्याकडे ठेवून गेलात, आणि मला वाटलं, योग जुळून आला. उन्हाळा, सकाळची गार हवा, घरामागे डोंगर, कुत्रा आणि सुधारण्याजोगे वडील! मी वेळापत्रक लिहून भिंतीवर लावलं : साडेपाचला निघणे, पाऊण तासात माथा, माथ्यावर दीर्घ श्वसन. (आईने दुसऱ्या दिवशी त्याच खिळ्याला चाळणी अडकवली.)

पण मामा, हवालदार तुमच्या हाताखाली तयार झालाय, हे मी विसरले. गोदामाला एक फेरी, मग खुर्ची. पुन्हा फेरी, पुन्हा खुर्ची. तो दोनशे पावलं चढतो, वाटेच्या दोन्ही कडा हुंगून तपासतो, आणि बसतो. किती वेळ? तुमचा चहा फुंकून फुंकून पिऊन होईल इतका. मी ओढलं, बिस्कीट दाखवलं, शेवटी उचललं. (तुम्ही त्याला काय खाऊ घालता ते विचारत नाही.) बाबांना मात्र जिवाभावाचा सोबती मिळाला. तो बसला की हेही बसतात, आणि वर मलाच ऐकवतात, "अगं, मुक्या जनावराला कळतं, तुला कळत नाही." पाच आठवडे आम्ही तिसऱ्या वळणापुढे गेलो नाही. मी पुढे जाऊन हाका मारते, खाली येऊन ढकलते, पुन्हा वर जाते. त्यांचा एक चढ होतो तेव्हा माझे चार झालेले असतात. माझा उत्साह तर पहिल्याच आठवड्यात घरी परतला.

गेल्या मंगळवारी माझा घोटा मुरगळला आणि मी घरी राहिले. (इतका काही मुरगळला नव्हता.) दोघेच गेले. साडेसात झाले, साडेआठ झाले, ऊन तापलं. आई दारात उभी. "तुझ्या त्या कागदापायी माझा नवरा हरवला," म्हणाली. मी लंगडत निघाले, मग लंगडायचं विसरून पळत सुटले. तिसऱ्या वळणावर कोणी नाही. पाचव्यावर नाही. माथ्यावर दोघे शेजारी शेजारी बसलेले. एकाची जीभ बाहेर, दुसऱ्याच्या गळ्यात मोजपट्टी. (ती ते जेवतानाही काढत नाहीत.) बाबा म्हणाले, "आज तू ओरडायला नव्हतीस, त्यामुळे नीट बसता आलं. बसत बसत पोचलो." मग त्यांनी मोजपट्टी डोळ्यांसमोर धरून खाली दिसणारं आपलं दुकान मोजलं. "अर्धा इंच," म्हणाले. "एवढ्याशात तीस वर्षं बसलो होतो." मीही शेजारी टेकले. दमच लागला होता.

तेव्हापासून दोघे रोज जातात, बसत बसत. मी मागून जाते आणि मीही बसते. काल डॉक्टरांनी रक्त तपासलं. इंजेक्शनांचं नाव काढलं नाही. वेळापत्रक मी उतरवलं. चाळणी तिथेच आहे.

रविवारी तुम्ही हवालदाराला न्यायला येणार, त्याची तयारी झाली आहे.

तुमची दमलेली भाची

ता. क. : तयारी म्हणजे तुम्ही एकटेच परत जाल, अशी. हवालदार इथेच राहिला तर चालेल का? गोदामाला आता नवं छप्पर आहे, नवी कुलपं आहेत. बाबांना एवढ्या सबुरीने वर नेणारं दुसरं कोणी नाही. मीसुद्धा नाही, हे मला पाच आठवड्यांनी कळलं.

आणखी एक : "चालेल का" हे रीत म्हणून लिहिलं. त्याचा जुना पट्टा आणि साखळी मी कालच पार्सलने तुमच्याकडे धाडली. नवा पट्टा बाबांनी शिवला आहे, खाकी, दुहेरी शिलाईचा. तुम्ही कमरेत सैल करायला दिलेल्या गणवेशाच्या पँटचं कापड फार मजबूत निघालं. पँटही पार्सलमध्येच आहे. ती आता गुडघ्यापर्यंत येते. उन्हाळ्यात बरी पडेल.